व्ही. पी. सोडवून घ्या : टपालावर उभ्या राहिलेल्या व्यापाराचा इतिहास

व्ही. पी. म्हणजे व्हॅल्यू पेएबल पोस्ट. विकणाऱ्याने माल टपालात द्यायचा, पोस्टमनने तो गिऱ्हाइकाच्या दारी न्यायचा, किंमत रोख वसूल करून मगच माल हवाली करायचा आणि वसूल झालेली रक्कम टपाल खात्याने विकणाऱ्याला पोचती करायची, अशी ही सोय आहे. हिंदुस्थानात ती १८७७ साली सुरू झाली. अमेरिकेच्या टपालाने अशी सोय १९१३ साली दिली, तर ब्रिटनच्या देशांतर्गत टपालात ती १९२६ साली आली. ऑनलाइन दुकानांमुळे ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ हे नाव आज घरोघरी पोचले आहे. पद्धत मात्र इथल्या छोट्या दुकानदाराच्या हाताशी जवळजवळ दीडशे वर्षांपासून आहे. तिच्यातल्या सोयी आणि तिच्यातली दुखणी, दोन्ही आजच्या विक्रेत्याच्या ओळखीची आहेत.

टपालाच्या आधी परगावचा व्यापार ओळखीवर चाले. पुण्याच्या दुकानदाराला मुंबईचा माल हवा असेल तर मुंबईत त्याचा अडत्या असावा लागे. अडत्या माल पारखून घेई, आपली अडत लावी आणि तो बैलगाडीने किंवा तांड्याबरोबर रवाना करी. पैसे हुंडीने फिरत आणि हुंडी वटायची तर दोन्ही गावांतल्या पेढ्या एकमेकींना ओळखणाऱ्या लागत. जांगड माल, म्हणजे पसंत पडला तर ठेवा नाहीतर परत करा या बोलीवर दिलेला माल, तो तर पिढीजात माहीतगारालाच मिळे. ही व्यवस्था भक्कम होती, पण ती घाऊक व्यापाराची होती. लहान गावातल्या शिक्षकाला मुंबईत छापलेले रुपया-दीड रुपयाचे पुस्तक हवे असेल, तर त्याच्यासाठी अडत्याही नव्हता आणि हुंडीही नव्हती.

टपालही सुरुवातीला सामान्यांच्या आवाक्यातले नव्हते. १८३७ च्या कायद्यानंतर सरकारी डाक लोकांसाठी रीतसर खुली झाली, पण हशील अंतरावर आकारले जाई. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचे पत्र पाठवायला तेव्हा एक रुपया पडे. १ ऑक्टोबर १८५४ पासून अंतराचा हिशेब संपला आणि पाव तोळ्यापर्यंतचे पत्र देशात कुठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागले. पार्सलांची डाक वेगळी होती. तिला बंगी म्हणत, कारण ओझे बांबूच्या कावडीवर वाहिले जाई. कावडीने जाणारा माल किती आणि किती वेगाने जाणार, याला मर्यादा होत्या. आगगाडीने त्या मोडल्या. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली, १८६३ साली बोरघाटाचा चढ लोहमार्गाने जोडला गेला आणि १८७० साली मुंबई-कलकत्ता मार्ग सलग झाला. कापडात शिवलेले पार्सल आता काही दिवसांत देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचू शकत होते.

अडचण उरली ती विश्वासाची. गिऱ्हाइकाने आधी पैसे पाठवले आणि माल आलाच नाही तर? दुकानदाराने आधी माल पाठवला आणि पैसे आलेच नाहीत तर? दोघेही एकमेकांना अनोळखी, आणि मध्ये शेकडो मैलांचे अंतर. रुपया-दोन रुपयांसाठी कोर्टाची पायरी कोणी चढणार नव्हते. व्ही. पी.ने या दोघांच्या मध्ये तिसरा माणूस उभा केला आणि तो सरकारी होता. दुकानदार त्याच्या हाती माल सोपवायला तयार होता, गिऱ्हाईक त्याच्या हाती पैसे द्यायला तयार होते. पाठोपाठ आणखी दोन गोष्टी झाल्या. १८७९ साली पोस्टकार्ड आले, त्यामुळे एका पैशात मागणी नोंदवता येऊ लागली. १८८० साली मनीऑर्डरचे काम टपाल खात्याकडे आले, त्यामुळे पैसे परत पाठवण्याची वाट सरळ झाली. कार्डाने मागणी, पार्सलाने माल आणि मनीऑर्डरने वसुली असे टपालव्यापाराचे तिन्ही दुवे तीन-चार वर्षांत जुळले.

प्रत्यक्ष काम असे चाले. मागणीचे कार्ड आले की दुकानातला कारकून ते वहीत चढवी. माल कागदात गुंडाळून मांजरपाटाच्या तुकड्यात बसवायचा, जाड दोऱ्याने कडा शिवायच्या आणि शिवणीवर जागोजागी लाख वितळवून तिच्यावर दुकानाची मोहोर उठवायची. वाटेत कोणी शिवण उसवली तर लाखेवरून ते लगेच कळे. कापडावर शाईने पत्ता घालायचा आणि वसूल करायची रक्कम आकड्यांत व अक्षरांत लिहायची. बरोबर एक फॉर्म भरायचा, त्यावर पैसे ज्याला परत जायचे त्या दुकानदाराचे नाव आणि पत्ता. पार्सल गिऱ्हाइकाच्या गावी पोचले की पोस्टमन वर्दी देई. खेड्यात हे काम ब्रँच पोस्टात चाले आणि तिथला पोस्टमास्तर बहुधा शाळेचा मास्तरच असे. पैसे हाताशी नसतील तर पार्सल सात दिवस पोस्टात थांबे. आठवड्याच्या बाजारात शेतमाल विकून मग ते सोडवता येई. ‘व्ही. पी. सोडवणे’ हा मराठीतला प्रयोग तिथूनच रुळला. पैसे भरल्याशिवाय शिवण उसवता येत नसे. सात दिवसांत कोणी आले नाही तर पार्सल आल्या वाटेने परत जाई.

माल जड असेल तर दुसरी युक्ती होती. यंत्र, अवजार किंवा भांड्यांची पेटी मालगाडीने रवाना करायची आणि रेल्वेची पावती तेवढी व्ही. पी.ने पाठवायची. गिऱ्हाइकाने पोस्टात पैसे भरून पावती सोडवायची आणि ती दाखवून स्टेशनावरून माल उचलायचा. कागदाच्या एका कपट्यावर मणभर लोखंडाचा व्यवहार सुरक्षित होई.

या सोयीला योग्य माल महाराष्ट्रात त्याच काळात तयार होऊ लागला होता. जावजी दादाजी यांचा निर्णयसागर छापखाना मुंबईत १८६९ साली सुरू झाला होता. पनवेलला धूतपापेश्वराचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना १८७२ साली निघाला. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा १८७८ साली उभी राहिली आणि रंगीत चित्रे घराघरांच्या भिंतींवर गेली. ‘केसरी’ १८८१ साली निघाला. पाठोपाठ पोचा यांचे बियाण्यांचे दुकान पुण्यात १८८४ साली सुरू झाले. पुस्तक, औषध, चित्र, बियाणे या साऱ्यांचे गुण सारखे आहेत: वजनाला हलके, टिकाऊ, गावात न मिळणारे आणि वर्णन वाचून मागवता येण्यासारखे. टपालावर चालणारा धंदा असाच माल निवडतो. ताजी भाजी किंवा अंगावर घालून पाहायचा सदरा त्याला मानवत नाही.

वर्तमानपत्रे आणि मासिके या व्यापाराची दुकानाची पाटी झाली. जाहिरातीत मालाचे वर्णन, किंमत, टपालहशील निराळे की किमतीत धरलेले, आणि पत्ता एवढे आले की दुकान उघडे झाले. भाड्याचा गाळा, मोक्याची पेठ यांची गरज उरली नाही. आडगावचा वैद्यही वऱ्हाडात आणि कोकणात गिऱ्हाईक मिळवू शकत होता. किर्लोस्करवाडीहून १९२० साली निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे याच वाटेवरचे पुढचे पाऊल होते. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला निघालेले ते पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ नावाचे प्रतिष्ठित मासिक झाले. वाचण्याजोगे काही दिले की वाचक जाहिरातीवरही विश्वास ठेवतो, हे त्याने दाखवून दिले.

जिथे विश्वासावर व्यवहार, तिथे फसवणूकही येणारच. कोणी न मागवता लोकांच्या नावावर पार्सले पाठवू लागले. घरातल्या कोणीतरी मागवले असेल असे समजून लोक पैसे भरत आणि आत रद्दी निघे. भारतीय टपाल कायदा १८९८ ने यावर बंदोबस्त केला. त्याच्या ३४ व्या कलमात व्ही. पी.ची व्याख्या होती आणि पैसे गिऱ्हाइकाकडून वसूल झाल्याशिवाय सरकार विकणाऱ्याला काही देणे लागत नाही, हेही तिथेच स्पष्ट केले होते. ३५ व्या कलमाने दोन महत्त्वाचे अधिकार दिले: माल खऱ्या मागणीवरूनच पाठवला जात आहे असे प्रतिज्ञापत्र विकणाऱ्याकडून घेण्याचा, आणि फसवणूक आढळली तर वसूल केलेली रक्कम रोखून गिऱ्हाइकाला परत करण्याचा. ग्राहकाचे पैसे मधल्या यंत्रणेने धरून ठेवावेत आणि खातरजमा झाल्यावर सोडावेत, हा विचार सव्वाशे वर्षांपूर्वी कायद्यात उतरला होता.

विकणाऱ्याच्या दुखण्यावर मात्र कायद्यात औषध नव्हते. परत आलेल्या व्ही. पी.चे जाण्याचे हशील बुडे, मांजरपाट आणि लाख वाया जाई, माल महिनाभर अडकून पडे. दुकानदारांनी यावर आपापले तोडगे काढले. मोठ्या मागणीसाठी काही रक्कम आगाऊ मागायची. अगदी लहान रकमेसाठी किमतीची टपाल तिकिटेच पत्रात घालून पाठवायला सांगायचे. पूर्वी ज्याची व्ही. पी. परत आली त्याचे नाव वहीत वेगळे टिपायचे. संशय आला तर माल पाठवण्याआधी कार्ड टाकून मागणी पक्की करायची. एका पैशाचे कार्ड आठ आण्यांचे नुकसान वाचवी. आणि परत येणाऱ्या काही पार्सलांचा खर्च मुळातच किमतीत धरायचा, कारण शंभरांतली काही परत येणार हे धंद्याचे वास्तव होते.

परतीचे एक मोठे कारण पत्ता हे होते. एकाच नावाची अनेक गावे, वेगवेगळ्या लिप्या, अपुरा तालुका यांत पार्सले भरकटत. या गोंधळावर उपाय १५ ऑगस्ट १९७२ रोजी आला. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला सहा अंकी पिन कोड त्या दिवशी लागू झाला. पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन अंक मिळून वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन नेमके पोस्ट. महाराष्ट्र आणि गोव्याचे पिन ४ पासून सुरू होतात. टपालासाठी झालेल्या या कामावर आज देशातली प्रत्येक कुरियर कंपनी आणि प्रत्येक ऑनलाइन दुकान उभे आहे. पिन भरल्याशिवाय मागणी पुढे सरकत नाही.

पुढच्या काळात व्ही. पी.चा भार हळूहळू कमी झाला. एस. टी. १९४८ साली सुरू झाली आणि गावागावांत पार्सले नेऊ लागली. खासगी कुरियर आले, १९८६ साली स्पीड पोस्ट आले. तालुक्याच्या गावीही पूर्वी मागवावा लागणारा माल दुकानात मिळू लागला. तरी पुस्तकप्रकाशक आणि दिवाळी अंक काढणारे व्ही. पी.ला बराच काळ धरून राहिले. मग ऑनलाइन दुकानांना नेमकी १८७७ चीच अडचण आली. कार्डाने आगाऊ पैसे भरायला ग्राहक कचरत होते. २००७ साली सुरू झालेल्या फ्लिपकार्टने २०१० साली दारात रोख पैसे घेण्याची सोय दिली आणि गिऱ्हाइकी झपाट्याने वाढली. १८९८ चा टपाल कायदा जून २०२४ मध्ये रद्द झाला, पण त्यातला विचार आता इतर नियमांतून चालू आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष निघाला, जाहिरातीतल्या वर्णनाशी जुळला नाही किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करण्याचे बंधन आहे.

घरून मसाले, पुस्तके, दागिने किंवा पैठणीच्या पर्स विकणाऱ्या आजच्या उद्योजिकेपुढचे प्रश्न मांजरपाटात पार्सल शिवणाऱ्या त्या कारकुनापुढच्या प्रश्नांहून वेगळे नाहीत, आणि उत्तरेही बहुतांशी तीच आहेत. वर्णन वाचून मागवता येईल असा माल निवडावा आणि वर्णन तंतोतंत खरे लिहावे. वाहतूक खर्च किमतीत आहे की वेगळा, ते आधीच सांगावे. रोख मागणी आली की पाठवण्यापूर्वी एक फोन करून ती पक्की करावी. पत्ता आणि पिन ताडून पाहावा. बांधणी अशी करावी की उघडल्याची खूण राहील. परतीचा खर्च किमतीत धरावा आणि कोणता माल कुठून परत येतो याची वही ठेवावी. जुन्या दुकानदारांनी ही शिस्त नुकसान सोसून शिकली. अनोळखी गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा मागणी पाठवली की तो व्यापार उभा राहिला, हे त्यांचे माप होते आणि ते आजही खरे आहे.