बार की फोन?

मे 1935. अमेरिकेतलं अ‍ॅक्रन शहर. न्यूयॉर्कच्या बिल विल्सनचं धंद्याचं काम फसलेलं, दारू सुटून जेमतेम 5 महिने झालेले. हॉटेलच्या लॉबीत एकीकडे बार, दुसरीकडे फोन. त्याने फोन उचलला आणि दारूशी झगडणारं कुणी भेटेल का, अशी चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी तो सर्जन बॉब स्मिथला भेटला. ठरली होती 15 मिनिटं, गप्पा चालल्या कित्येक तास. मधे बॉब एकदा घसरला. पण 10 जूननंतर कायमचा थांबला. तोच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा स्थापना दिवस.

मला भिडतं ते वेगळंच. डॉक्टर बॉबला माहितीची कमतरता नव्हती; तेच भोगलेला माणूस हवा होता. आणि बिलने फोन केला तो स्वतः टिकण्यासाठी! म्हणून दारू सुटलेल्या मित्राला 'आता मीटिंगला कशाला जातोस?' असं विचारू नका.