युनिट एकच, अर्थ तीन : भोपाळच्या अवधपुरीतलं वीजबिल काय सांगतं?

भोपाळची अवधपुरी ही भेल टाउनशिपलगतची वस्ती. इथे 'युनिट' शब्द तीन अर्थांनी चालतो. भेलच्या या कारखान्याची सुरुवात 1956 मध्ये स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) कंपनीपासून. तिथल्या इंजिनिअरसाठी युनिट म्हणजे टर्बाइन आणि जनरेटरचा अख्खा संच. असा 100 मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला की 1 लाख युनिट वीज तयार होते. हे दुसरं युनिट मात्र विज्ञानातलं, मोजमापाचं : 1 किलोवॅट-तास, म्हणजे 36 लाख जूल. दीड हजार वॅटचा गीझर 40 मिनिटं चालवला की एक युनिट पडलंच.

तिसरा अर्थ खिशाचा. मोजमापात शंभरावं आणि एकशे एक्कावन्नावं युनिट सारखंच, बिलात तसं नाही. मध्य प्रदेशच्या गृहज्योती योजनेत महिन्याचा वापर 150 युनिटपर्यंत राहिला तर पहिल्या 100 युनिटचे 100 रुपये लागतात. पुढे एक जरी युनिट गेलं तरी सवलत सगळीच जाते, फक्त वरच्या युनिटची नाही. म्हणूनच महिनाअखेरीस मीटरवर डोळा ठेवणारी घरं इथे आहेत. बिलात स्थिर आकार वेगळा असतो. त्यामुळे वापर फार कमी असेल तर प्रति युनिट खर्च उलट जास्त पडतो. एकूण रक्कम भागिले युनिट, एवढा हिशेब बिलाच्या मागे पेनाने करता येतो.