मुद्रित परिपथ फलकाची निर्मितीपूर्व तपासणी

मुद्रित परिपथ फलकाची निर्मितीपूर्व तपासणी म्हणजे इलेक्ट्रॉनिक परिपथाचा फलक (पीसीबी) कारखान्यात तयार करण्यासाठी पाठवण्याआधी त्याच्या आराखड्यातील चुका शोधण्याची क्रमबद्ध प्रक्रिया होय. कागदावरील चूक खोडता येते. आराखड्यात राहिलेली चूक मात्र त्या खेपेतील प्रत्येक फलकावर सारखीच उतरते. काही चुका तांब्याची रेषा कापून वा वरून तार जोडून सुधारता येतात. एरवी सर्व फलक नव्याने करवून घ्यावे लागतात.

पार्श्वभूमी

सर्वसाधारण फलक काचतंतू व इपॉक्सी रेझिन यांपासून बनवलेल्या एफआर-४ या पदार्थाचा असतो. त्याची जाडी बहुधा १.६ मिमी, तर त्यावरील तांब्याच्या थराची जाडी ३५ मायक्रोमीटर असते. नको असलेले तांबे रसायनाने काढल्यावर उरणाऱ्या रेषांना ट्रॅक म्हणतात. आराखडा संगणकावर तयार होतो. त्यासाठी की-कॅड हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर प्रचलित आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने विकसित केलेल्या ई-सिम या प्रणालीत की-कॅड आणि परिपथाचे सिम्युलेशन करणारे एनजीस्पाइस यांची सांगड घातलेली आहे.

तपासणीचे टप्पे

परिपथ आकृती : विद्युत नियम तपासणीत (ईआरसी) न जोडलेल्या पिना, एकमेकांस जोडली गेलेली दोन निर्गमे किंवा वीजपुरवठा न मिळालेले भाग सॉफ्टवेअर दाखवून देते.

मांडणी : आराखडा नियम तपासणीत (डीआरसी) ट्रॅकमधील अंतर, छिद्रांचा आकार, कडेपासूनचे अंतर आणि अपूर्ण जोडण्या तपासल्या जातात. ज्या निर्मात्याकडे काम द्यायचे, त्याच्या किमान मर्यादा आधी सॉफ्टवेअरमध्ये भरणे आवश्यक असते.

प्रवाह व विद्युतदाब : आयपीसी-२२२१ या मानकातील सूत्रानुसार, ३५ मायक्रोमीटर जाडीच्या बाह्य ट्रॅकची तापमानवाढ १० अंश सेल्सिअसपर्यंत ठेवण्यासाठी १ अँपिअर प्रवाहास सुमारे ०.३ मिमी, तर ३ अँपिअरला सुमारे १.४ मिमी रुंदी लागते. शेतपंपाच्या नियंत्रकासारख्या उपकरणात घरगुती वा त्रिकला वीजपुरवठा आणि ५ व्होल्टचा भाग एकाच फलकावर येऊ शकतात. त्यांमधील सुरक्षित अंतराचा नियम रचनाकाराने स्वतः भरला नाही, तर ही उणीव सॉफ्टवेअरला कळत नाही. येथे प्रश्न केवळ खर्चाचा नसून वापरणाऱ्याच्या जिवाचा असतो.

भागांची जागा : ७८०५ आणि एलएम ३१७ हे दोन्ही व्होल्टेज रेग्युलेटर टीओ-२२० या सारख्याच आवरणात मिळतात, परंतु पहिल्याच्या पायांचा क्रम आगम, भूमी, निर्गम असा, तर दुसऱ्याचा समायोजन, निर्गम, आगम असा असतो. म्हणून प्रत्येक भागाच्या पिनांचा क्रम त्याच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहतात. त्यानंतर मांडणी कागदावर मूळ आकारात छापून प्रत्यक्ष भाग त्यावर ठेवले जातात. छपाईचे प्रमाण बरोबर आहे की नाही, हे आधी पट्टीने मोजावे लागते. मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील बुधवार पेठ या सुट्या भागांच्या परिचित बाजारपेठा आहेत. वाशीम जिल्ह्यातील केनवडसारख्या, अशा बाजारपेठांपासून दूर असलेल्या गावी भाग आधी मागवून ही चाचणी केल्यास दुसऱ्या खेपेचा खर्च आणि प्रतीक्षा टळू शकते.

निर्मितीच्या फाइली : कारखान्याकडे तांबे, सोल्डर मास्क, अक्षरे व कडा यांच्या स्वतंत्र गर्बर फाइली आणि छिद्रांची फाइल पाठवली जाते. मूळ आराखडा न पाहता याच फाइली वेगळ्या दर्शक प्रोग्राममध्ये उघडून थर एकमेकांवर जुळतात का, छिद्रे पॅडच्या मध्यभागी येतात का आणि अक्षरे उलटी तर नाहीत ना, हे पाहिले जाते.

मर्यादा

स्वयंचलित तपासणी नियमांचे पालन पाहते, रचनाकाराचा हेतू जाणत नाही. १ किलोओहमऐवजी १० किलोओहमचा रोध लिहिल्यास तिला त्यात काहीच वावगे दिसत नाही. निर्मात्याची विद्युत चाचणीदेखील फलक पाठवलेल्या फाइलींप्रमाणे झाला आहे एवढेच सांगते; त्या फाइली बरोबर होत्या का, हे सांगत नाही. त्यामुळे ‘शून्य त्रुटी’ असा अहवाल मिळाल्यानंतरही रचनेत सहभागी नसलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून आकृती वाचून घेणे इष्ट मानले जाते.