पाळीवरच्या माणसाचे विद्यापीठ

घरी अभ्यास करावयाचा आणि अधूनमधून शिक्षकासमोर बसावयाचे, या जोडीला हल्ली मिश्र शिक्षण म्हणतात. नाव नवे, गोष्ट जुनी. दिवसा राबणाऱ्याला दिवसाची शाळा परवडत नाही, हे जोतीराव फुल्यांनी ओळखले आणि १८५५ साली रात्रीची शाळा काढली. विद्यापीठांना तेवढे उमगावयास पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले खरे. पण टपालाने पाठ यावयाचे आणि वर्षाअखेर परीक्षा द्यावयाची, मधल्या महिन्यांत विद्यार्थ्याची विचारपूस करणारे फारसे कोणी नसे.

इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ पासून निराळी रीत घातली. एकट्या प्राध्यापकाने पाठ लिहावयाचा नाही. विषयाचे जाणकार, संपादक आणि बी.बी.सी.चे निर्माते यांनी एकत्र बसून तो रचावयाचा. आमच्या भाषेत सांगावयाचे तर, ही योजना कारखान्यातल्यासारखी श्रमविभागणी करून केलेली होती. १ जुलै १९८९ रोजी नाशकास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. पहिले कुलगुरू राम ताकवले हे पदार्थविज्ञानाचे माणूस, पूर्वी पुणे विद्यापीठ चालवलेले. स्वतःच शिकता येईल अशी मराठी पुस्तके, चालू महाविद्यालयांतच अभ्यासकेंद्रे आणि अडेल तेथे समजावणारा समंत्रक, अशी तेथली मांडणी. बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीकडे वळता आले. माझ्यासारख्या, शाळेबाहेर शिकलेल्या माणसाला याचे मोल सांगावे लागत नाही.

आता हीच योजना भिवपुरीस आणून पाहा. येथे डोंगराच्या पायथ्याशी १९२२ पासून ठोकरवाडीच्या पाण्यावर वीज होते. वीजघर रविवारी बंद नसते. पाळी फिरती, म्हणून सुटीही फिरती. रविवारचा वर्ग त्यातल्या निम्म्या माणसांना चुकणारच! आमच्या भागातली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. त्यांच्या मुलाचे दुसरे सत्र कोणत्या गावी भरावयाचे?

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद पडली आणि वर्ग फोनवर आले. मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मसुदा काढला : अभ्यासक्रमाचा शेकडा ४० पर्यंत भाग ऑनलाइन, बाकीचा समोरासमोर. आकडा वाईट नाही. पण आधी आकडा ठरवून मागाहून माणूस शोधावयाचा, ही रीत मला मान्य नाही. कामाच्या तासांचा करार करताना आम्ही प्रथम विचारतो, तास कोणाचे आणि हत्यार कोणाचे? कारखान्यात हत्यार मालक देतो. येथे फोन, त्याचा भरणा आणि बसावयास शांत कोपरा, सारे विद्यार्थ्याच्या माथी.

म्हणून योजना आखताना वेळापत्रकाच्या आधी पाळ्यांचा तक्ता मागवावा. एकच पाठ आठवड्यात दोन वेगळ्या वेळी घ्यावा. एक पहिली पाळी सुटल्यावर, दुसरा रात्रपाळीवाला झोपून उठल्यावर. ध्वनिमुद्रित व्याख्याने केंद्रावरच फोनमध्ये भरून मिळावीत. वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलाला सहा महिन्यांची पुस्तके आणि स्वाध्याय दिवाळीपूर्वीच हाती द्यावेत, आणि भट्टीजवळच्या केंद्रावर त्याचे नाव आधीच कळवावे.