घोडाच गाडीत बसला: 1836 ची एक पैज

मुंबई-पुणे रस्त्यावर तुम्ही कधीतरी एक उंच, बंद गाडी बघितली असेल. वर छोट्या खिडक्या आणि एखाद्या खिडकीतून डोकावणारं लांबट तोंड. आत रेसचा घोडा असतो. मुंबईचा रेस सीझन हिवाळ्यात आणि पुण्याचा पावसाळ्यात, त्यामुळे घोड्यांना वर्षातून दोनदा घाट ओलांडावा लागतो. आजचा विषय हीच गाडी. ज्याच्या पाठीवर बसून जग फिरलं, त्या प्राण्याला गाडीत बसवायची कल्पना कुणाला आणि का सुचली?

घोड्याच्या काळजीपोटी सुचली असेल असं वाटतं ना? तसं नाहीये. सुचली पैजेपायी.

इंग्लंड, 1836. डॉनकॅस्टरला सेंट लेजर नावाची शर्यत व्हायची. 1776 पासून चालत आलेली ही शर्यत तेव्हाही प्रतिष्ठेची होती. लॉर्ड जॉर्ज बेंटिंक या उमरावाकडे एलिस नावाचा घोडा होता. त्याच वर्षी टू थाउजंड गिनीजमध्ये तो बे मिडलटनच्या मागे थोडक्यात दुसरा आला होता. घोडा दमदार, पण त्याचा तबेला दक्षिणेला गुडवूडला. तिथून डॉनकॅस्टर साधारण 250 मैल, म्हणजे 400 किलोमीटर.

तेव्हा रेसचा घोडा शर्यतीला चालत जायचा. मोतद्दार लगाम धरून पुढे आणि घोडा मागे. एवढ्या अंतराला जवळपास 15 दिवस लागायचे. वाटेत नाल निघायचा, पाय मुरगळायचा, परक्या तबेल्यातलं पाणी प्यावं लागायचं. आणि पाण्याची भीती काही उगाच नव्हती. 1811 मध्ये न्यूमार्केटला घोड्यांच्या हौदात विष कालवलं गेलं होतं आणि घोड्यांवरच्या विषप्रयोगासाठी डॅनियल डॉसन नावाच्या माणसाला 1812 मध्ये फाशी झाली. रेस म्हणजे टोपीवाल्या सभ्य लोकांचा खेळ, हे चित्र जरा बाजूलाच ठेवा.

आता बुकींचा हिशोब बघा. त्यांची माणसं तबेल्यांवर नजर ठेवून असायची. शर्यत काही दिवसांवर आली तरी एलिस गुडवूडलाच, अशी खबर आली. म्हणजे घोडा पोचणं अशक्य! भाव वाढले. बेंटिंक म्हणाला, 1000 पौंडाला 12,000 चा भाव द्या, नाहीतर घोडा पाठवतच नाही. न येणाऱ्या घोड्यावर भाव द्यायला कोण नाही म्हणणार?

इकडे लंडनच्या लाँग एकरमध्ये हेरिंग नावाच्या गाडी बनवणाऱ्याकडून बेंटिंकनं एक प्रचंड खोका तयार करून घेतला होता. चाकांवरचा, आतून गादी लावलेला. त्यात एलिस चढला, सोबतीला ड्रमर नावाचा दुसरा घोडा. ओढायला सहा घोडे, टप्प्याटप्प्यावर बदलायचे. एका घोड्याचे पाय वाचवायला इतक्या घोड्यांचे पाय झिजवायचे, हा खास उमरावी हिशोब. दिवसाला सुमारे 80 मैल. वाटेत लिचफिल्डच्या रेसकोर्सवर एलिसला उतरवून पळवलं, अंग मोकळं केलं, परत आत. तीन दिवसांत डॉनकॅस्टर. एलिस जिंकला आणि बुकींचे चेहरे काय झाले असतील ते तुम्हीच ठरवा.

कल्पना अगदी कोरी नव्हती बरं का. 1816 मध्ये सॉव्हरिन नावाचा घोडा वूस्टरशरहून न्यूमार्केटला असाच नेला होता, माजवलेली गुरं नेण्याच्या गाडीतून. तो हरला म्हणून गोष्ट विसरली गेली. जिंकणाऱ्याचीच गाडी लक्षात राहते. गंमत म्हणजे हाच बेंटिंक पुढे रेसमधल्या फसवणुकीविरुद्ध लढणारा म्हणून गाजला. यावर माझं मत मी राखून ठेवतो.

त्या घोडे जुंपलेल्या गाडीचं राज्य फार टिकलं नाही. थोड्याच वर्षांत रेल्वे आली. घोड्यांसाठी वेगळे डबे आणि त्यातच मोतद्दाराला बसायला कप्पा. मग मोटार, मग कारमागे जोडायचा ट्रेलर. पण हेरिंगसमोरचा प्रश्न अजून तोच आहे: सुमारे 500 किलोचा, उभा राहून प्रवास करणारा, घाबरट प्राणी खोक्यात कसा न्यायचा?

उभा राहून हा शब्द महत्त्वाचा. घोड्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला की उरलेलंही पुढे येतं. लोकलमध्ये दांडा न धरता उभे राहा, म्हणजे कळेल. म्हणून आतली गादी, मधला आडोसा आणि पाय फाकवून उभं राहायला जागा लागते. लोक ट्रेलर घेताना बाहेरचा रंग बघतात. मी म्हणेन, आधी आत जाऊन उभे राहा. डोकं वर करायला उंची आहे का? हवा खेळते का? आणि घोड्याला मान खाली घालता येते का? लांबच्या प्रवासात मान वरच बांधून ठेवली, तर श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही आणि फुप्फुसाला संसर्ग होतो. घोडा धडधाकट चढतो आणि तापानं फणफणलेला उतरतो.

मग फळ्या. घोड्यांच्या ट्रेलरचा खरा शत्रू म्हणजे मूत. ते रबरी मॅटखाली झिरपतं आणि लाकडी तळ खालून कुजतो. वरून सगळं चकाचक! मॅट उचला, पाण्यानं धुवा, वाळू द्या आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक फळीत दाबून बघा. रुतलं तर फळी बदला, कारण चालत्या गाडीत ती मोडली तर घोड्याचा पाय थेट रस्त्यावर. टायरचंही तसंच. ट्रेलर महिनोन्‌महिने उभा असतो, नक्षी नवी दिसते, पण रबर म्हातारं झालेलं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुना वापरलेला ट्रेलर घेताना आधी तेच वाचा. बेअरिंगचं ग्रीस, ब्रेक, दिवे हे मेकॅनिक बघेलच. आणि दोघांच्या ट्रेलरमध्ये एकच घोडा न्यायचा असेल, तर आपल्याकडे तो उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला. रस्ता कडेला उतरता असतो, वजन डावीकडे गेलं तर ट्रेलर तिकडे ओढला जातो.

आपला कायदाही याबद्दल बोलतो. प्राण्यांच्या वाहतुकीचे 1978 चे नियम आहेत. घोडे ट्रकनं न्यायचे तर तळाला पाय न घसरणारं काहीतरी हवं, दोन घोड्यांमध्ये किमान 8 सेंटिमीटर जाडीचा बांबू हवा, एका गाडीत चार ते सहाच घोडे, सोबत एक माणूस. तोंडं डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांना घोडे बुजणार नाहीत. हे लिहिणाऱ्यानं घोडा जवळून बघितला असणार! आणि वेग ताशी 35 किलोमीटरच्या आत. आता हायवेवर ताशी 35 नं ट्रक चालवून दाखवा.

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी घोडे परराज्यांतूनही येतात, पिकअपमधून, टेम्पोतून, ट्रकच्या हौद्यातून. लाखांचा घोडा. त्याच्या रंगाची, भोवऱ्यांची, चालीची चर्चा तासन्‌तास चालते. तो आला कसा, हे फारसं कुणी विचारत नाही. मला वाटतं गिऱ्हाइकानं ते विचारावं, कारण दोन दिवस घसरत्या पत्र्यावर तोल सांभाळत आलेल्या घोड्याची चाल बाजारात खरी दिसतच नाही. बेंटिंकला हे कळलं होतं. लिचफिल्डला त्यानं घोडा उतरवला तो दयेपोटी नाही, 12,000 पौंडांपोटी. पण उतरवला.

तुमच्या ओळखीत कुणी घोडे नेणारे ड्रायव्हर असतील, तर त्यांचे अनुभव आम्हाला व्हॉइस नोटनं पाठवा. घाटात घोड्याला कसं सांभाळतात, ते त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. भेटू पुढच्या भागात.