रिक्वेस्ट

रिक्वेस्ट : इंग्रजी नाम व क्रियापद. समोरच्याने काही करावे, द्यावे किंवा सांगावे म्हणून रीतसर व सभ्यपणे घातलेली गळ. मराठीत प्रसंग पाहून विनंती, अर्ज, मागणी, फर्माईश. शब्दकोशांत याला समानार्थी म्हणून आस्क, बेग, प्रे, पिटिशन, सॉलिसिट, डिमांड असे शब्द एका ओळीत दिलेले असतात. त्यावर विसंबून एकाच्या जागी दुसरा घातला की वाक्य बिघडते. मागणारा कोणत्या पायरीवर उभा आहे आणि देणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येते का, यावर शब्द ठरतो. रिक्वेस्टमध्ये निदान कागदावर तरी नकाराला जागा असते.

मूळ लॅटिन क्रियापद शोधणे, विचारणे या अर्थाचे. जुन्या फ्रेंचमधून हे नाम चौदाव्या शतकात इंग्रजीत आले, क्रियापद म्हणून वापर सोळाव्या शतकात रुळला. क्वेश्चन, क्वेरी, क्वेस्ट ही याच घरातली मंडळी. सख्खे भावंड म्हणजे रिक्वायर. तोही एके काळी नुसता ‘विचारणे, मागणे’ एवढाच होता. पुढे तो कडक होत गेला आणि आज त्याचा अर्थ ‘आवश्यक असणे’. क्रिकेटच्या समालोचनात मात्र दोन्ही अर्थ अजून शेजारी नांदतात. षटकामागे लागणाऱ्या धावांना कोणी ‘रिक्वायर्ड रेट’ म्हणतो, कोणी ‘आस्किंग रेट’, आणि आकडा तोच असतो.

इंग्लंडमध्ये या शब्दाच्या नावाने एक न्यायालयच होते. कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स पंधराव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आले आणि वेस्टमिन्स्टरला भरू लागले. नेहमीच्या न्यायालयांचा खर्च ज्यांना झेपत नसे, त्यांनी थेट राजाला उद्देशून गाऱ्हाणे लिहायचे आणि ‘मास्टर ऑफ रिक्वेस्ट्स’ या अधिकाऱ्यांनी ते ऐकायचे, अशी व्यवस्था होती. गरिबांचे कोर्ट म्हणून ते ओळखले जाई. प्रत्यक्षात राजाच्या पदरची माणसे आणि बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी असलेले पक्षकारही तिथे गर्दी करत; स्वस्त आणि झटपट न्याय फक्त गरिबांनाच हवा असतो असे थोडेच आहे. 1640च्या दशकातल्या यादवीत हे न्यायालय बंद पडले.

कायद्याच्या भाषेत समानार्थींच्या यादीतले जुने शब्द तसेच राहिले आहेत. पिटिशन म्हणजे सत्तेपुढे लेखी मांडलेली मागणी. 1628मध्ये इंग्लंडच्या संसदेने पहिल्या चार्ल्सपुढे ठेवलेले ‘पिटिशन ऑफ राइट’ नावाला अर्ज होते. संसदेच्या संमतीवाचून कर लावू नये, कारण न दाखवता कोणाला तुरुंगात डांबू नये, असे त्यात राजाला बजावले होते. प्रे हे क्रियापद देवळाइतकेच कोर्टातही चालते. मुंबई उच्च न्यायालयात आजही याचिकेच्या शेवटी काय हवे ते मुद्देवार लिहितात, त्याला वकील ‘प्रेयर क्लॉज’ म्हणतात, आणि आदेशात ‘प्रेयर क्लॉज अ प्रमाणे’ असा उल्लेख येतो. प्रेचे लॅटिन मूळ आणि प्रिकेरियस, म्हणजे डळमळीत, या शब्दाचे मूळ एकच. दुसऱ्याच्या मर्जीवर मिळालेली वस्तू, ती कधीही काढून घेतली जाईल, हा त्यातला धागा.

भारतात रिक्वेस्ट या शब्दाचा सर्वांत लक्षणीय वापर माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात आहे. 12 ऑक्टोबर 2005पासून पूर्णपणे अमलात आलेल्या या केंद्रीय कायद्याचे नाव ‘अधिकार’. पण कलम 6मध्ये नागरिकाने करायची ती ‘रिक्वेस्ट’. ती करताना कारण द्यावे लागत नाही, उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते, जिवाचा किंवा व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांत. मुदतीत उत्तर आले नाही तर तो नकारच मानतात आणि अपिलाचा रस्ता खुला होतो. म्हणजे विनंतीच, पण अधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोडलेली. महाराष्ट्राने 2012मध्ये नियम बदलून अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत असावा असे ठरवले. लोक मात्र ‘विनंती केली’ असे कधीच म्हणत नाहीत. ‘माहिती अधिकारात अर्ज टाकला’ म्हणतात, आणि त्या ‘टाकला’त बराच आवेश असतो.

सॉलिसिट हा या यादीतला सर्वांत बेभरवशाचा शब्द. त्यापासून झालेला सॉलिसिटर प्रतिष्ठित. पण वकिलाने काम मिळवण्यासाठी सॉलिसिट करणे बार कौन्सिलच्या नियमांत निषिद्ध, आणि रस्त्यावर उभे राहून केलेले सॉलिसिटेशन 1956च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा. विम्याच्या जाहिरातीच्या शेवटी भरधाव वेगाने उच्चारले जाणारे ‘विमा हा आग्रहाचा विषय आहे’ हे वाक्य याच शब्दाचे भाषांतर. एजंटाने आग्रह धरायचा, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला आणि एजंटांनी तो खोटा ठरवला नाही. करारात मात्र प्रस्ताव ग्राहकाने भरायचा असतो. कंपनी तो स्वीकारते किंवा नाकारते.

डिमांडविषयी फार सांगण्यासारखे नाही. फ्रेंचमध्ये त्याचे मूळ रूप नुसते ‘विचारणे’ आहे, इंग्रजीत ते हक्काने मागणे झाले. आस्क मात्र फ्रेंचच्याही आधीचा, अस्सल जर्मानिक कुळातला. कवी चॉसरच्या काळी त्याचे ‘ॲक्स’ हे रूप लिखाणातही चाले. आता ते बोलीत उरले आहे आणि उगाचच हिणवले जाते. मराठीत ‘विचारणे’ आणि ‘मागणे’ ही दोन वेगळी कामे आहेत, इंग्रजीत आस्क दोन्हींना पुरतो. शेअर बाजारात विकणारा सांगतो ती किंमतही आस्कच.

प्लीज हे ‘आपली मर्जी असल्यास’ अशा अर्थाच्या लांबलचक वाक्याचे उरलेले टोक. मराठीत त्याचे काम क्रियापद करते. ‘दोन दिवसांची रजा मिळावी, ही नम्र विनंती’ या शाळकरी वाक्यात सगळा विनय ‘मिळावी’मध्येच आहे. घरात तेवढेही लागत नाही, ‘जरा पाणी देतेस का गं’ पुरते. ‘कृपया’ पाट्यांवर राहतो, आणि ‘विनंती’ला सरकारी शब्द म्हणून वेगळेच आयुष्य मिळाले आहे. एसटीची गाडी ‘विनंती थांबा’ लिहिलेल्या ठिकाणी हात दाखवला तर थांबते. कर्मचाऱ्याने स्वतःहून मागितलेली बदली ‘विनंती बदली’ ठरते, आणि मग बदलीचा प्रवासभत्ता मिळत नाही.

संगणकाच्या जगात रिक्वेस्ट हा शब्द निदान 1969पासून आहे. इंटरनेटच्या पूर्वसुरी जाळ्याचे नियम ज्या टिपणांतून घडले, त्यांना स्टीव्ह क्रॉकर यांनी ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ म्हटले. आपण हुकूम सोडतोय असे वाटू नये, म्हणून. आता ब्राउझरची सर्व्हरकडची प्रत्येक मागणी रिक्वेस्टच, आणि ती नीट मांडली नसेल तर 400 क्रमांकाचा नकार येतो. मराठी बोलण्यात शब्द रुळला तो फेसबुकमुळे. ‘रिक्वेस्ट आली’, ‘रिक्वेस्ट पाठवली’, ‘अजून पेंडिंगच आहे’. यूपीआयवरही एका व्यक्तीने दुसरीकडे पैसे मागणारी रिक्वेस्ट 2025पर्यंत येत असे. तिला होकार देऊन पिन टाकला की पैसे येत नसत, जात.