डिजिटल दूरचित्रवाणी ग्राहींची कार्यमानके : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात

डिजिटल टीव्ही संच किंवा सेट-टॉप बॉक्स (ग्राही) यांनी किमान किती क्षीण सिग्नलवर, किती गोंगाटात आणि कोणत्या तापमानात निर्दोष चित्र व आवाज द्यावा, हे ठरवणाऱ्या मोजता येण्याजोग्या अटी म्हणजे कार्यमानके. केबल न पोहोचलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीतील जंगलगावांत घरावरची डिश, म्हणजे लोकांची ‘छत्री’, हाच टीव्हीचा मार्ग असल्याने येथे उपग्रह-ग्राहीची मानके विशेष महत्त्वाची ठरतात.

उंबरठा : ॲनालॉग टीव्हीवर सिग्नल घटला की मुंग्या येत, तरी चित्र ओळखू येई. डिजिटल चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते. सिग्नल उंबरठ्याखाली जाताच त्याचे चौकोन पडतात, ते गोठते आणि जाते. म्हणून या उंबरठ्याचे मापन ही ग्राहीची मुख्य कसोटी होय. २००५ च्या डीव्हीबी-एस२ या युरोपीय मानकात त्याच्या आदर्श मर्यादा दिल्या आहेत : सिग्नलवर माहिती बसवण्याच्या क्यूपीएसके ३/४ पद्धतीत सिग्नल गोंगाटापेक्षा ४.०३ डेसिबलने, तर ८पीएसके २/३ पद्धतीत ६.६२ डेसिबलने वरचढ हवा. त्या पातळीला साधारण एक कोटी पॅकेटांत एकच चुकीचे निघावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्ष ग्राहीला याहून थोडा जास्त सिग्नल लागतो. ही वाढीव गरज जितकी कमी, तितका ग्राही सरस. मोजमापाच्या सर्वसाधारण पद्धती आयईसी ६२०२८ या आंतरराष्ट्रीय मानकात आहेत.

भारतीय मानके : डीटीएच (उपग्रहावरून थेट घरी) सेट-टॉप बॉक्ससाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १५३७७ हे मानक आहे. उपग्रह-ट्यूनर आतच बसवलेल्या टीव्ही संचांसाठी आयएस १८११२ : २०२२ आले. या मानकाप्रमाणे बनवलेल्या संचाला डिश व एलएनबी (डिशपुढे बसवलेला, सिग्नल टिपणारा भाग) जोडली की वेगळ्या बॉक्सशिवाय मोफत वाहिन्या दिसतात. दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली; तीच आजची डीडी फ्री डिश. तिच्यावर एमपीईजी-२ आणि एमपीईजी-४ अशा दोन्ही चित्रसंकोचन पद्धतींच्या वाहिन्या असल्यामुळे केवळ एमपीईजी-२ उलगडणाऱ्या जुन्या बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत.

स्थानिक परिस्थिती : फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. गडचिरोलीहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६२ अंश उंचीवर येतो. इतक्या उंचीमुळे दूरची झाडी आड येत नाही. मात्र अंगणातला मोह किंवा साग त्या रेषेत असला, तर पाने, विशेषतः ओली पाने, सिग्नल शोषतात. फ्री डिश ज्यावर येते त्या केयू पट्ट्यातील लहरी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या असल्याने मुसळधार पावसात त्या क्षीण होतात. अशाच पावसात पर्लकोटा नदीला पूर आल्यावर गडचिरोलीतील भामरागडचा रस्ता अनेकदा तुटला आहे. बातमीची गरज सर्वाधिक असते ती अशाच दिवसांत. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो. त्या उन्हात छतावरचा एलएनबी तापून त्याचा स्वतःचा गोंगाट वाढतो आणि पत्र्याच्या घरातला बॉक्सही तापतो. ग्रामीण भागात विजेचा दाब वरखाली होत असल्याने ग्राहीचा वीजपुरवठा विभागही तितकाच कणखर लागतो.

महत्त्व : जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या २,५३९.६१ कोटी रुपयांच्या ‘बाइंड’ या प्रसारण-सुविधा विकास योजनेत दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त भागांत व आकांक्षित जिल्ह्यांत आठ लाखांहून अधिक फ्री डिश बॉक्स मोफत देण्याची तरतूद आहे. गडचिरोली हा आकांक्षित जिल्हा आहे. २०२० पासून केंद्राच्या पीएम ई-विद्या उपक्रमाच्या शैक्षणिक वाहिन्याही फ्री डिशवर असल्याने इंटरनेट न पोहोचलेल्या घरातील विद्यार्थ्याला ग्राहीची गुणवत्ता थेट भिडते.

मर्यादा : मानकाचे प्रमाणपत्र ग्राहीला मिळते; छत्रीची दिशा, केबलची लांबी आणि कनेक्टरमध्ये शिरणारे पाणी त्यात मोजले जात नाही. चांगला ग्राहीही सैल जोडणीमुळे निकामी ठरतो. म्हणून अशा जिल्ह्यांसाठी खरेदी करताना उंबरठ्याची नोंदवलेली चाचणी, उष्णतेतील चाचणी आणि पावसासाठी राखलेला सिग्नलचा वाढावा या तीन अटी निविदेत लेखी असाव्यात. तसेच बसवणाऱ्याने मीटरवर सिग्नल मोजून तो आकडा घरच्यांना लिहून द्यावा. म्हणजे पुढे चित्र जाऊ लागले, तर दोष बॉक्सचा की जोडणीचा, हे गावातच तपासता येईल.